नापास वाती

माणसानं केलेली कुठलीही वस्तू तपासणाऱ्याच्या नजरेतून पार पडल्याशिवाय या जगात खरी होत नाही, आणि नापासाचा शिक्का ही शिक्षा नसून संस्कार असतो, असं श्रीपाद आजगावकर यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात सोळा वर्षं बोल्ट तपासून बनवलं होतं. त्याच कारखान्यातल्या, दोनदा पास झालेल्या बोल्टवर त्यांच्या बदलापूरजवळच्या खरवईच्या घरातला पंखा टांगलेला होता. तो एका गणपतीत ऐन आरतीत खाली आला. कोणाला लागलं नाही, मोदकांचं ताट तेवढं गेलं. बोल्टचा दोष नव्हता, आरतीचा होता, असा श्रीपादरावांचा निष्कर्ष निघाला. एवढ्या टाळ्यांचं कंपन ड्रॉइंगमध्ये धरलेलं नव्हतं.

सुनंदाबाईंनी तेव्हा ताट उचललं आणि निष्कर्ष ऐकून घेतला. लग्न झाल्यापासून त्या रोज पोळीबरोबर हेच ऐकत आल्या होत्या. आज किती माल नापास केला, मग सुपरवायझरचं तोंड कसं पडलं, मग साहेब काय म्हणाले. नवऱ्याच्या बोलण्यातलं बायकोच्या कानात काही राहत नाही असा एक गैरसमज आहे. तो नवऱ्यांचाच आहे.

एक्क्याण्णव सालच्या श्रावणात पेपरातून एक गुलाबी कागद घरात आला. 'गृहदीप एक्स्पोर्ट्स, उल्हासनगर कॅम्प नं. ३. भगिनींनो, घरबसल्या कमवा! समईच्या वाती वळा, परदेशी पाठवा! दरमहा तीनशे ते आठशे. शिक्षणाची अट नाही. भांडवल नाही.' आणि खाली कंसात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात : अनामत रु. ४७५ फक्त.

वाती वळता येत नाहीत असं म्हणणारी बाई त्या काळी बदलापुरात शोधून सापडली नसती. स्वयंपाक येत नाही म्हणणाऱ्या दोन-तीन तरी निघाल्या असत्या. पण दुसरीची वात सरळ असते असं म्हणणारीही सापडली नसती. हळदीकुंकवाला कोणाकडे गेलं की पहिली नजर समईवर. "केवढी जाड वात बाई, मशालच की!" हे जिना उतरताना म्हणायचं, आणि आपल्याबद्दलही हेच म्हटलं जातं हे ठाऊक असूनही म्हणायचं. आपली वात तेवढी सरळ, या विश्वासावर अख्खी वसाहत उभी होती. गृहदीप एक्स्पोर्ट्सनं हा विश्वास ओळखला होता, आणि त्याची किंमत चारशे पंचाहत्तर ठरवली होती.

सुनंदाबाईंनी चार वर्षं घरखर्चातून बाजूला टाकलेले पैसे डाळीच्या डब्यातून बाहेर काढले. नवऱ्याला विचारलं.

"डिपॉझिट घेतात म्हणजे शिस्त आहे," श्रीपादराव म्हणाले. "फुकट कोणाला माल द्यायचा नसतो."

गयाबाईंना मात्र हे पटलं नाही. त्या पलीकडच्या चाळीत राहायच्या. त्यांचे यजमान श्रीपादरावांच्याच कारखान्यात पॅकिंगला होते. गयाबाई दर आठवड्याला कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे आणायच्या, पॅण्टींचे लोंबणारे दोरे कापायच्या, आणि नगामागे ठरलेले पैसे घेऊन यायच्या. त्या दिवशी गठ्ठा दारात ठेवून चहाला बसल्या होत्या.

"वयनी, हे चारशे पंचाहत्तर कशाचे?"

"अनामत. कापूस देतात, डबा देतात, नमुना देतात."

"टेकचंदशेठ मला गठ्ठाभर पॅण्टी देतो. कातरपण त्याचीच. एक रुपया घेतला नाही कधी." गयाबाईंनी बशीतला चहा संपवला. "ज्यानं काम द्यायचं त्यानं पैसे द्यायचे. तो उलटे घेतोय म्हणजे काम तुम्हीच त्याला देताय."

"अहो, एक्स्पोर्ट आहे ते."

"असेल बाई. आमच्या सासूबाईंनी छप्पन साली घरातले देव नदीला दिले. आता मी त्यांच्या वाती वळायला बसले तर म्हातारी मलाच नदीला देईल. मी आपली दोरेच कापते."

सुनंदाबाई हसल्या आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे भरून आल्या.

कंपनीनं एका चार पानी करारावर सही घेतली, दोन किलो कापूस दिला, पत्र्याचा डबा दिला आणि 'मान्य नमुना' दिला. म्हणजे पन्नास वाती, लाल दोऱ्यानं जुडी बांधलेल्या, वर कंपनीच्या शिक्क्याची कागदी पट्टी. अशीच वात वळायची. हजार वातींचे साठ रुपये.

सुनंदाबाईंनी अठरा दिवसांत दोन हजार वाती वळल्या. डबा पोचवला. आठवड्यानं डबा परत आला, त्यात चिठ्ठी. 'माल नापास. कारण : लांबी असमान. फेरतपासणी फी रु. २५.'

त्यांना कानाखाली बसल्यासारखं झालं. पंधरा वर्षं देवापुढे लावलेल्या वाती, सासूबाईंनीही कधी नाव न ठेवलेल्या, आणि कोण हा कॅम्प तीनमधला? श्रीपादरावांच्या चेहऱ्यावर मात्र आदर उमटला होता.

"लेखी कारण दिलंय. याला म्हणतात सिस्टिम. अगं, दोष असल्याशिवाय कोणी नापास करत नाही. मी सोळा वर्षांत उगाच एक बोल्ट नापास केला नाही."

रविवारी त्यांनी व्हर्नियर काढला. हा मिलिमीटरचाही दहावा भाग मोजणारा पोलादी चिमटा होता. मान्य नमुन्यातल्या दहा वाती त्यांनी एकेक करून त्यात धरल्या. श्वासानं कापूस हलू नये म्हणून नाकावर रुमाल बांधला. सर्वांत आखूड वात निघाली चौऱ्याहत्तर मिलिमीटर, सर्वांत लांब एक्क्याऐंशी.

"म्हणजे नमुन्यातच सात मिलिमीटरचा फरक?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"नमुन्याला प्रश्न विचारायचे नसतात," श्रीपादराव रुमालाआडून म्हणाले. "नमुना म्हणजे नमुना."

त्यांनी लाकडाच्या पट्टीत बरोबर सत्त्याहत्तर मिलिमीटरची खाच पाडून दिली. वात खाचेत बसली तर पास, नाहीतर बाजूला. पुढच्या दोन हजार वाती सुनंदाबाईंनी त्या खाचेत घालून घालून वळल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, दोनदा भात लागला. डबा परत आला. 'कारण : पीळ सैल.'

तिसऱ्या खेपेला पीळ असा घट्ट घातला की बोटांची कातडी सोलली. 'कारण : शुभ्रता कमी.'

"कापूस तर त्यांचाच आहे!"

"हाताचा घाम लागत असेल," श्रीपादराव म्हणाले, पण या वेळी जरा हळू म्हणाले.

दर खेपेला पंचवीस रुपये गेले ते वेगळेच. नापास झालेल्या सहा हजार वाती सुनंदाबाई रोज समईत लावत होत्या. देवानं त्यातली एकही परत पाठवली नाही.

इमारतीत आणखी तिघींनी पैसे भरले होते. त्यांचे डबेही परत येत होते, पण कोणी बोलत नव्हतं. आपली वात नापास झाली हे सांगायचं म्हणजे हळदीकुंकवाला तोंड कसं दाखवायचं? डबा पदराखाली झाकून जिना चढायचा. सुनंदाबाईही तशाच चढल्या होत्या.

हे असंच चाललं असतं, पण नवरात्र संपता संपता वरच्या मजल्यावरची कुंदा पेढा घेऊन आली. कुंदाचा नवरा मधू ज्या कारखान्यात होता त्याला फेब्रुवारीपासून टाळं होतं. घर कुंदाच्या शिवणाच्या मशीनवर चाललं होतं.

"सुनंदाताई, मशीन विकलं," कुंदा म्हणाली. "गावातला शिंपी अठराशे देतोय. पंधराशे दिलेसुद्धा. दहा दिवसांनी येऊन नेणार."

"मशीन? अगं, मग खाशील काय?"

"वाती! पुढच्या रविवारी गावातल्या हॉलवर कंपनीचा मेळावा आहे ना, तिथे तीन नावांनी पैसे भरते. माझं, सासूबाईंचं, नणंदेचं. ब्लाउजं काय, सणासुदीला येतात. वाती बारा महिने. तीन जणींचे मिळून दोन हजार तरी कुठे गेले नाहीत."

सुनंदाबाईंनी पेढा बशीत ठेवला. मग इतके दिवस पदराखाली झाकलेलं सगळं तिला सांगून टाकलं. तिन्ही डबे, तिन्ही कारणं, सोललेली बोटं.

कुंदानं सगळं नीट ऐकून घेतलं. "ताई, राग मानू नका हं. पण तुमच्या वाती जरा भरडच असतात. मागे श्रावणात बघितल्या होत्या मी. माझा हात शिवणकामाचा आहे."

सुनंदाबाईंना राग आला, तो कुंदाचा नाही. श्रावणात कुंदाच्या समईकडे बघून त्यांनी स्वतः जिन्यात काय म्हटलं होतं ते त्यांना आठवलं. कंपनी वातींवर चालत नव्हती, यावर चालत होती.

दुसऱ्या दिवशी खुद्द कंपनी घरी आली. तिचं नाव जयदेव. सफारी सूट, काखेत फाईल, दिसेल तिला ताई. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. तो वाकला की पायांकडे न बघता जोडव्यांकडे बघतो, असं गयाबाई म्हणायच्या. त्यानं नवा गुलाबी कागद पुढे केला. 'भव्य महिला मेळावा. यशस्वी उद्योजिका सौ. सुनंदा आजगावकर यांचा सत्कार.'

"पण माझा एकही डबा पास झालेला नाही," सुनंदाबाई म्हणाल्या.

"म्हणून तर, ताई! चिकाटी! तीनदा नापास होऊनही खचल्या नाहीत. अशीच माणसं सुपरवायझर होतात." त्यानं आवाज उतरवला. "स्टेजवर दोन शब्द बोलायचे. बोललात की तुमची अनामत परत. वर प्रत्येक नवीन सभासदामागे चाळीस रुपये. तुमच्या शब्दाला इथे मान आहे."

"काय बोलायचं?"

"मनापासून बोला. घरबसल्या कमाई होते, एवढं आलं पाहिजे."

"बोलीन की," सुनंदाबाई म्हणाल्या.

फसलेल्या माणसापुढे दोन सोप्या वाटा असतात. गप्प बसायचं, नाहीतर आणखी दहा जणांना आत ओढून आपले पैसे वसूल करायचे. जयदेवचं पोट दोन्ही वाटांवर भरत होतं, म्हणून तो समाधानानं चहा पिऊन गेला.

त्या दिवशी जेवताना सुनंदाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, तुमच्याकडे एकजात सगळेच बोल्ट नापास व्हायला लागले तर काय करता?"

"आधी गेज तपासतो. ज्यानं मापतो, ते मापच चुकीचं नाही ना."

"ते कसं कळतं?"

"मास्टर घालून. मास्टर म्हणजे जो बरोबर आहे हे आधीच ठरलंय असा तुकडा. तोच नापास झाला तर गेज खोटं. साधं आहे."

"आणि हा मास्टर कोण देतं?"

"ज्यानं गेज दिलं, तोच दे..." श्रीपादरावांचा घास हातातच राहिला. बायकोची नजर देवघराकडे गेली होती. तिथे मान्य नमुन्याची जुडी होती.

"असं करणं बरं दिसत नाही," ते शेवटी म्हणाले.

"का?"

"विश्वासाचा प्रश्न आहे. तपासणाऱ्याची अशी परीक्षा घ्यायची नसते."

"माझी तीनदा घेतली. तेव्हा तुम्ही नाकाला रुमाल बांधून बसला होतात."

फेरतपासणीला कमीत कमी दोनशे वाती लागत. सुनंदाबाईंनी तिघींची दारं ठोठावली. आधी आपले तीन नापास डबे दाखवले, मग त्यांचे मागितले. पहिली म्हणाली, आमचं नीट चाललंय. दुसरी म्हणाली, आमचंही. तिसरी रडली. मग पहिल्या दोघीही आपापले डबे घेऊन आल्या. चौघींचे मान्य नमुने एकत्र केले, पन्नास चोक दोनशे. शिक्क्याच्या कागदी पट्ट्या तेवढ्या काढून घेतल्या. लाल दोरे तसेच राहू दिले.

"दोरे काढ, ओळखतील," श्रीपादराव म्हणाले.

"ओळखू देत ना. ओळखायला डबा उघडावा लागेल."

श्रीपादराव मग सवयीनं उठले आणि त्यांनी एक तपासणी पत्रक तयार केलं. दिनांक, नग दोनशे, मालाचा उगम कंपनीचा मान्य नमुना, पट्ट्या जपून ठेवल्या आहेत. कागदाशिवाय त्यांना शिंकही येत नसे. साक्षीदार म्हणून गयाबाईंनी सही केली, चौघींनी केली. सर्वांत शेवटी, पेन दोनदा झटकून, त्यांनी स्वतः केली.

सोमवारी डबा पोचला. शुक्रवारी सुनंदाबाई गयाबाईंबरोबर कॅम्प तीनला गेल्या. शेअर रिक्षात मांडीवर जीन्सचा गठ्ठा, पायाशी दुसऱ्या कोणाची तरी बटणांची गोणी. गृहदीपचं ऑफिस टेकचंदशेठच्या कारखान्याच्या डोक्यावर होतं. वर खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता पंचवीस रुपये घेतले आणि डबा सरकवला. सुतळीची गाठ सुनंदाबाईंनी मारली होती तशीच होती. वर चिठ्ठी. या खेपेला तिन्ही कारणं एकदम : लांबी असमान, पीळ सैल, शुभ्रता कमी.

खाली येऊन टेकचंदशेठच्या कटिंगच्या टेबलावर त्यांनी डबा उघडला. चारही जुड्या, लाल दोऱ्यासकट, ठेवल्या तशा.

टेकचंदशेठनं चष्मा वर केला. "गयाबाई, ये बहनजी भी ऊपरवाले की मेंबर है क्या?"

"होत्या, शेठ," गयाबाई म्हणाल्या.

"साईं, मैं दस महीने से देख रहा हूँ. लेडीज लोग डिब्बा लेके ऊपर जाती हैं, वही डिब्बा लेके नीचे आती हैं. एक्स्पोर्टवाला है, पण एक टेम्पो आजतक आया नहीं." त्यानं गयाबाईंचा गठ्ठा मोजला आणि पैसे दिले. "माल बेचना ही नहीं है, तो पास काहे को करेगा?"

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"किसी ने पूछा नहीं, बहनजी. सब ऊपर देखके चढती हैं."

रविवारी बदलापूर गावातल्या हॉलवर साठ-सत्तर बायका जमल्या. दाराशी टेबल, टेबलावर पावतीपुस्तक आणि कुलपाचा पत्र्याचा डबा. निम्म्यांनी आत शिरतानाच पैसे भरले होते. कुंदा पहिल्या रांगेत होती, मुठीत रुमाल, रुमालात चौदाशे पंचवीस. भाषणं झाली की भरते, म्हणाली होती. श्रीपादराव शेवटच्या खुर्चीवर एकटेच बसले होते. हॉलमधले तेवढे एक पुरुष, जयदेव सोडून.

जयदेवनं अर्धा तास माईक सोडला नाही. भारतीय संस्कृती, परदेशी समया, स्त्रीशक्ती. मग शाल आली, नारळ आला, आणि माईक सुनंदाबाईंच्या हातात आला. त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली आणि पिशवीतून वातींची एक जुडी काढली.

"सत्काराबद्दल आभार. जयदेवभाऊ, आधी एक सांगा. या वाती कशा आहेत?"

सत्काराच्या शालीला शोभेल असं एकच उत्तर होतं. जयदेवनं जुडी उंच धरली. "उत्तम! भगिनींनो, बघा, अस्सल एक्स्पोर्ट क्वालिटी!"

टाळ्या झाल्या. टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत सुनंदाबाई थांबल्या. मग चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी वाचली. "माल नापास. लांबी असमान, पीळ सैल, शुभ्रता कमी. परवाच्या शुक्रवारची तारीख आहे. खाली शिक्का तुमचा."

"ताई गंमत करतात," जयदेव हसला. "म्हणजे वरवर दिसायला उत्तम. आमचे तपासनीस बारकाईनं बघतात. हाताच्या कामात थोडं कमीजास्त..."

"हात माझा नाही." त्यांनी चार कागदी पट्ट्या पत्त्यांसारख्या पसरून धरल्या. "ह्या जुड्या तुमच्या मान्य नमुन्याच्या. चौघींच्या चार. लाल दोरा तुमचा, कापूस तुमचा, हात तुमचा. तुम्हीच पाठवलेल्या वाती तुम्हीच नापास केल्यात, आणि वर पंचवीस रुपये घेतलेत."

पुढून एक बाई फिस्सकन हसली. हसू दुसऱ्या रांगेपर्यंत गेलं.

"ह्या जुड्या आमच्याच कशावरून?" जयदेवचा आवाज चढला. "पट्ट्या कोणीही काढेल! बाईंनी स्वतःच्या वाती बांधल्या असतील!"

तेव्हा शेवटची खुर्ची सरकली. श्रीपादराव उभे राहिले. हातात तपासणी पत्रक होतं, पण त्यांनी ते वाचलं नाही.

"त्यानं काही फरक पडत नाही," ते म्हणाले. कारखान्यात मशीनच्या वर आवाज चढवायची सवय होती, त्यामुळे माईकची गरज पडली नाही. "एकाच मालाला तुम्ही शुक्रवारी नापास केलंत आणि रविवारी उत्तम म्हणालात. मी सोळा वर्षं तपासणी करतोय. तुमचं गेज खोटं आहे." मग घसा खाकरून, जड जातंय हे सगळ्यांना कळेल इतका वेळ घेऊन, "माझ्या बायकोच्या वाती बरोबर होत्या," असं म्हणून ते खाली बसले.

सुनंदाबाईंनी तिकडे बघितलं नाही. त्या कुंदाकडे बघत होत्या.

"मग ताई, तुमचे पैसे?" कुंदानं बसल्या जागेवरून विचारलं.

"माझे गेले. दोन महिने लाजेनं गप्प बसले, म्हणून इमारतीतल्या तिघींचेही गेले. आज मी दोन शब्द गोड बोलले तर माझे परत मिळणार, असं हे भाऊ सांगून गेलेत. ते तुमच्या रुमालातून." त्या माईकपासून जरा मागे झाल्या, मग परत पुढे आल्या. "आणि कुंदा, तुझ्या वाती सरळ असतील. माझ्याहून सरळ असतील. तरी नापास होतील. काम देणारा कधी आधी पैसे मागत नाही. जो मागतो त्याच्याकडे काम नसतं. तिथे गिऱ्हाईक आपणच असतो."

कुंदानं रुमालाला दुसरी गाठ मारली.

मग तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. "माझापण डबा परत आलाय." तिच्यामागून आणखी एक. "माझे दोन." पदराखालचे डबे असे एकेक करून बाहेर यायला लागले. काही बाया दाराजवळच्या टेबलाकडे निघाल्या. घाईनं नव्हे, रेशनच्या रांगेत शिरावं तशा, कोपरं बाहेर काढून. जयदेवनं पत्र्याचा डबा उचलला आणि दार गाठलं. दारात गयाबाई बसल्या होत्या. पुढ्यात जीन्सचा गठ्ठा, हातात कातर.

"बाजूला व्हा, मावशी."

"बसा की, भाऊ," गयाबाई दोरा कापत म्हणाल्या. "फेरतपासणी आहे."

"हा माझा माणूस बाहेर उभा आहे, सांगून ठेवतो!"

"तो कधीच पळाला. जाताना माझ्या गठ्ठ्याला अडखळला मेला."

जयदेवनं मागे बघितलं. साठ-सत्तर बायका होत्या आणि कोणीच ओरडत नव्हतं, हे जास्त वाईट होतं. त्याला खुर्ची देण्यात आली. कोणी तरी पाणीसुद्धा दिलं. मग पावतीपुस्तक उघडून, एकेक नाव मोठ्यानं वाचून, ज्यांनी त्या सकाळी पैसे भरले होते त्यांचे त्यानं स्वतःच्या हातानं परत केले. श्रीपादराव शेजारी उभे राहून प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण करत होते. शेवटची खूण झाल्यावर गयाबाईंनी गठ्ठा दीड हात सरकवला, तेवढ्या फटीतून कंपनी बाहेर पडली.

जुन्या सभासदांचे पैसे त्या डब्यात नव्हतेच. सुनंदाबाईंचेही नव्हते. सोमवारी चौघी पोलीस चौकीत जाऊन तक्रार लिहून आल्या. कॅम्प तीनच्या खिडकीला तोवर कुलूप लागलं होतं. त्याच सोमवारी शिंपी हातगाडी घेऊन मशीन न्यायला आला. कुंदानं त्याचे पंधराशे त्याच्या हातावर ठेवले. तो जिनाभर बडबडत उतरला आणि ती ब्लाउजाला काजं करायला बसली.

मंगळवारी हॉलचा व्यवस्थापक खरवईला आला. गृहदीप एक्स्पोर्ट्सनं हॉलचं भाडं भरलेलं नव्हतं. ते साठ रुपये, आणि माईकचे वेगळे पंधरा, महिलांकडून वसूल करण्यात आले.